बादलीतलं निळं पाणी

एअरब्रशच्या पुस्तिकेत पहिल्याच पानावर लिहिलंय, काम करताना खिडकी उघडी ठेवा. आमच्या बायकोचं म्हणणं आहे, रात्री एकनंतर खिडकी बंद ठेवा. दोघांचंही बरोबर आहे. रंगाचा बारीक फवारा खोलीत साचला तर नाकात जातो, म्हणून खिडकी उघडायची. आणि तळोज्यात मध्यरात्रीनंतर बाहेरून जो वास येतो तो घरात येऊ नये, म्हणून ती लावायची. कधी सडक्या कोबीसारखा, कधी जुन्या दवाखान्यासारखा, कधी नुसताच घशाला खवखव. तळोजा, खारघर, कळंबोलीच्या लोकांना हे समजावून सांगायला नको.

तर गेले दोन महिने मी या खिडकीपाशी बसून बोटभर उंचीचे मावळे रंगवतोय. वय शेहेचाळीस, डोळ्यांवर वाचायचा चष्मा, तोंडाला मास्क. एरवी मी इथे खड्डे, पाण्याचे टँकर आणि सिडको-महापालिकेच्या दुहेरी कराबद्दल लिहितो. आज मावळ्यांवर लिहितोय म्हणून पुढे सरकू नका. गाडी शेवटी नेहमीच्याच स्टेशनात येणार आहे.

सुरुवात पेणपासून करतो. लहानपणी आम्ही पनवेलला भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो आणि मे महिन्यात मला मामाकडे पेणला पाठवायचे. मामा गणपतीच्या कारखान्यात आखणीचं काम करायचा. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे, भुवया, सोंडेवरचं गंध, दागिन्यांच्या कडा, असं सगळं बारीक ब्रशने काढणं. त्याच्या आधीचं काम स्प्रेचं. पांढऱ्या कच्च्या मूर्ती फळ्यांवर ओळीने मांडलेल्या, कोपऱ्यात कॉम्प्रेसर धडधडतोय आणि एक जण हातात गन घेऊन अंगाचा रंग मारत पुढे पुढे चाललाय. गालावर, पोटाच्या वळीत, बोटांच्या मध्ये जरा गडद रंग. बघता बघता मातीला मांस आल्यासारखं व्हायचं. मी तासन् तास बघत बसायचो. जेवायला बोलवायला मामीला यावं लागायचं.

तेराव्या वर्षी मामाने गन हातात दिली. पहिला धडा एकच होता. "आधी हवा, मग रंग. बंद करताना आधी रंग, मग हवा. आणि हात थांबवायचा नाही." उलट केलं तर टोकाला साचलेल्या रंगाचा थेंब थेट मूर्तीच्या गालावर उडतो. मी उलट केलं. मामा काही बोलला नाही, ओल्या फडक्याने गाल पुसून परत माझ्याच हातात गन दिली.

दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे मी तेव्हापासून रंगवायला लागलो. बाजारातून मातीचे साधे मावळे आणायचे, पुसून काढायचे आणि पुन्हा रंगवायचे. कॉलेजला असताना गाड्यांच्या टाक्या रंगवणाऱ्या एकाकडून जुना एअरब्रश घेतला. कॉम्प्रेसर विकत घ्यायला पैसे नव्हते. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, भंगारातून जुन्या फ्रिजचा कॉम्प्रेसर आणला, त्याला छोटी टाकी आणि प्रेशरचा काटा जोडून दिला. तो चालू केला की शेजारच्यांचा टीव्ही मुंग्या दाखवायचा. तेव्हा रंग इनॅमलचे आणि पातळ करायला थिनर. दोन खोल्यांत त्या वासाने आईचं डोकं धरायचं, म्हणून गॅलरीत बसून काम.

२००१ मध्ये पत्रकारितेचा डिप्लोमा झाला आणि मी बातम्यांच्या मागे लागलो. रात्री उशिरा घरी येणारा माणूस मावळ्याच्या मिशा काय काढणार? गन कुणाला तरी दिली. फ्रिजचा कॉम्प्रेसर परत भंगारात गेला. चोवीस वर्षं मी पेन आणि कीबोर्ड सोडून काही हातात धरलं नाही.

२०२५ च्या जुलैमध्ये 'मराठा लष्करी भूप्रदेश' म्हणून बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. अकरा महाराष्ट्रातले आणि तामिळनाडूतला जिंजी. आमच्या बिल्डिंगच्या पोरांना एकदम जोर चढला. यंदा मोठा किल्ला करायचा. यादीतला नको, आपला करायचा, कर्नाळा. पेणला जाताना दिसणारा तो उभा सुळका आमच्या घरातल्या सगळ्यांना ओळखीचा. किल्ल्याची जबाबदारी पोरांनी घेतली, मावळ्यांची माझ्या मुलीने परस्पर माझ्या नावावर टाकली. "बाबा करतील, त्यांना येतं." तिने मला ते करताना कधी पाहिलेलं नव्हतं. आजीकडून ऐकलेलं होतं.

बाजारात गेलो तर मावळे सगळे एका साच्यातले. भगवं मुंडासं, पांढरा अंगरखा, आणि गाल? गाल गुलाबी! उन्हातान्हात सह्याद्री चढणाऱ्या माणसाचे गाल गुलाबी कसे असतील? आपल्या शेतावर, नाक्यावर, एमआयडीसीच्या गेटवर जी माणसं रोज दिसतात त्यांच्या रंगाचा एकही मावळा त्या पाटीत नव्हता. तिथेच ठरवलं, मावळे आपणच करायचे.

आता साधनं सोपी झालीत. एअरब्रश आज केक सजवणारे आणि मेकअप करणारेही वापरतात, त्यामुळे सहज मिळतो. मी घेतला तो ०.३ मिलिमीटरच्या नोझलचा. बटण खाली दाबलं की हवा, मागे ओढलं की रंग. सोबत छोट्या टाकीचा कॉम्प्रेसर, पंधरा ते वीस पीएसआयवर लावून ठेवायचा. रंग ॲक्रिलिक. पाण्यात पातळ होतात, वास जवळजवळ नाही, दहा मिनिटांत वाळतात. इनॅमलच्या काळातल्या माणसाला हे म्हणजे चुलीवरून गॅसवर आल्यासारखं.

पण चोवीस वर्षांनी हात परत जागेवर यायला वेळ लागतो. ॲक्रिलिक लवकर वाळतो हा त्याचा गुण आणि तोच अवगुण. सुईच्या टोकावर रंग वाळून बसतो आणि फवारा तुटतो, मग दर दोन मिनिटांनी टोक पुसा. जास्त पातळ केला तर रंग हवेच्या जोराने पसरून कोळ्याच्या पायांसारखे फाटे फुटतात. घट्ट ठेवला तर खरखरीत दाणे उडतात. नेमका किती पातळ, तर दुधासारखा. हे दूध म्हणजे म्हशीचं की पिशवीतलं, ते आपापल्या हाताने शिकायचं. त्यात आपली कोकणची हवा. कॉम्प्रेसरने दाबलेल्या हवेतला ओलावा नळीत पाणी होऊन बसतो. ते अडवायला काचेची छोटी वाटी असते. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ती वाटी मी एका बैठकीत दोनदा रिकामी करत होतो. पहिल्या आठवड्यात तीन मावळे बाद झाले. एकाच्या तोंडावर पाण्याचा थेंब उडून त्याला देवीचे व्रण आल्यासारखे झाले. तो मी ठेवून दिला, त्या काळात असे चेहरे असणारच.

हळूहळू जमलं. आधी अख्ख्या मावळ्याला काळा हात. मग वरून, सूर्य जिथून येईल तिथूनच, पांढऱ्याचा हलका फवारा. तेवढ्यानेच मुंडाशाची घडी, खांदा, नाक वर येतं आणि ढालीखालची सावली आपोआप उरते. त्यावर पातळ रंगाचे थर. चेहऱ्याला तपकिरी, कपाळाला जरा उजळ. शेवटी आखणी, तीन शून्याच्या ब्रशने. डोळे काढताना श्वास रोखून धरायचा हे मामाने शिकवलेलं, हाताला ते अजून आठवत होतं.

मुंडासं सगळ्यांचं भगवं करायचं नाही असं ठरवलं होतं. मंजिष्ठाचा लाल, काताचा तपकिरी, हळदीचा पिवळा आणि निळीचा निळा. त्या काळी कपडे याच रंगांत रंगायचे. निळ्यासाठी जी बाटली घेतली तिच्यावर बारीक अक्षरांत पीबी १५:३ लिहिलं होतं. ते वाचून मी थबकलो. हा फ्थॅलोसायनिन ब्लू. १९२८ मध्ये स्कॉटलंडमधल्या एका कारखान्यात भांड्याच्या आतल्या अस्तराला तडा गेला आणि या कुळातला निळा अपघाताने सापडला. आज शाई, प्लॅस्टिक, भिंतीचे रंग, सगळीकडे तोच. आमच्या घरी त्याला 'थॅलो' म्हणायचे. अण्णांचे रुमाल त्याच रंगाचे होते. विकत घेताना पांढरे, दोन महिन्यांत निळे.

अण्णा तळोजा एमआयडीसीत एका पिगमेंट कारखान्यात होते. कारखान्याचं नाव घेत नाही, कारण मुद्दा एका कारखान्याचा नाही. साधारण नऊशे हेक्टरची ही वसाहत आहे. अण्णांचं काम रंग बनवण्याचं नव्हतं. रंग बनवून झाल्यावर जे पाणी उरतं, ते सांभाळण्याचं होतं. ईटीपी ऑपरेटर. कारखान्याने आपलं सांडपाणी आधी आपल्या हद्दीत शुद्ध करायचं, मग ते सामाईक केंद्रात पाठवायचं, तिथे पुन्हा शुद्ध होऊन ते खाडीत जायचं, अशी पद्धत. सामाईक केंद्राची क्षमता दिवसाला २२.५ एमएलडी, म्हणजे सव्वादोन कोटी लिटर. कागदावर चोख आहे सगळं.

अण्णांची आठवण बाटलीने काढली, पण अण्णांना परत घरात आणलं ते प्लंबरने.

झालं असं. एअरब्रशमध्ये रंगकामापेक्षा धुणं जास्त. दर रंगाला पेला धुवा, सुई काढून पुसा, पाणी फवारून नळी साफ करा. हे सगळं पाणी मी बेसिनमध्ये ओतत होतो. 'पाण्याचा रंग' असं दुकानदार म्हणाला होता ना! सहाव्या आठवड्यात बेसिन तुंबलं. प्लंबरने खालचा बॉटल ट्रॅप उघडला आणि आतून निळसर करड्या रबराची सालं निघाली. पापडासारखी, ताणली तर लांबणारी. "साहेब, हे काय घालता तुम्ही यात? प्लॅस्टिक हाय." बरोबर बोलला तो. ॲक्रिलिक म्हणजे पाण्यात तरंगणारं प्लॅस्टिकच. बाटलीत आहे तोवर पाण्याचं, एकदा वाळलं की पाण्याशी संबंध संपला. जे ट्रॅपमध्ये अडकलं ते दिसलं. जे पुढे गेलं, त्याचं काय?

त्या रात्री मला अण्णांचे पेले आठवले. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आलं की ते घरातले सहा पेले ओळीने मांडायचे. प्रत्येकात तुरटीचं पाणी थोडं थोडं वाढवत टाकायचे. आधी मिनिटभर जोरात ढवळायचं, मग दहा-पंधरा मिनिटं अगदी हळू, मग हात लावायचा नाही. अर्ध्या तासाने ज्या पेल्यात गाळ सगळ्यात छान बसला, त्या हिशेबाने हंड्यात तुरटी. आई वैतागायची, "नुसती तुरटी फिरवली तरी होतं हो." ते म्हणायचे, "होतं. पण किती लागली ते कळत नाही." कारखान्यात याला जार टेस्ट म्हणतात. तिथे तुरटीसोबत चुना.

आणि पेल्यांच्या मागोमाग आठवली ती २००३ च्या पावसाळ्यातली एक रात्र.

जेवताना अण्णा सहज बोलून गेले होते. मोठा पाऊस लागला की रात्रपाळीला वरून निरोप येतो, "पाऊस आहे, सोडा." म्हणजे टाकीतलं पाणी न बसवता, चुना-तुरटीचा खर्च न करता, बाजूचा व्हॉल्व्ह उघडून थेट नाल्यात. नाला कासाडी नदीला, नदी खाडीला. पावसाच्या लोंढ्यात रंग कुणाला दिसत नाही. सकाळपर्यंत सगळं धुतलेलं. ते तक्रार करत नव्हते. आज भाजीत मीठ कमी आहे असं सांगावं तसं सांगत होते. मी तेव्हा एका दैनिकाचा वार्ताहर, उत्साह ओसंडून वाहत होता. विचारलं, "अण्णा, लिहू का हे?"

ते दोन घास जेवले. मग म्हणाले, "लिही. मग उद्यापासून माझा डबा भरू नका म्हणावं आईला."

मी लिहिलं नाही. घराचं भाडं, बहिणीचं शिक्षण, माझा शब्दांवर मिळणारा मोबदला. हिशेब सोपा होता. त्या वेळी मी स्वतःला सांगितलं की पुरावा नाही. पुरावा माझ्यासमोर बसून ताक पीत होता.

नंतर अण्णा निवृत्त झाले. ऑगस्ट २०१७ आला आणि तळोज्यातली कुत्री निळी झाली. तुम्हाला आठवत असेल, जगभर फोटो फिरले. एका कारखान्यातला निळा रंग अंगावर बसून भटकी कुत्री आकाशी दिसायला लागली होती. धुण्याच्या पावडरीत वापरतात तो रंग, असं बातम्यांत आलं. प्रदूषण नियंत्रण मंडळाने कारखाना बंद करण्याचे आदेश दिले. मीही धावलो. दोन दिवस एमआयडीसीत फिरलो, फोटो मिळाला, जिल्ह्याच्या पानावर नाव छापून आलं. निळीच्या सक्तीविरुद्ध चंपारणचा सत्याग्रह १९१७ चा आणि आपली निळी कुत्री २०१७ ची, बरोब्बर शंभर वर्षं, असा शेवटही मी जोडला होता. संपादक खूश.

पेपर घेऊन अण्णांना दाखवायला गेलो. त्यांनी चष्मा लावून नीट वाचलं. म्हणाले, "चांगलं लिहिलंयस." मग पेपर घडी करून ठेवला आणि म्हणाले, "कुत्री निळी झाली म्हणून दिसलं. पाणी रोज रंगीत असायचं, त्याचा फोटो नाही काढलास कधी."

मला उत्तर सुचलं नाही. त्या सुमारास कासाडीच्या पाण्याचे आकडेही पेपरात आले होते. बीओडी लिटरला ८० मिलिग्रॅम. पाण्यातली घाण कुजायला किती ऑक्सिजन लागतो, ते बीओडी सांगतं. तो आकडा सहाच्या वर गेला तर मासे तग धरत नाहीत. खाडीवरच्या आगरी-कोळी बांधवांनी आकडे यायच्या कितीतरी आधी जाळी वाळत टाकलेली होती. प्रकरण पुढे राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेलं, ते पत्रकारांनी नेलं नाही. ज्यांचे मासे गेले त्यांच्यातूनच ते उभं राहिलं. आम्ही कुत्र्यांचे फोटो काढत होतो. पाऊस पडला, कुत्री धुतली गेली, बातमी संपली.

अण्णा २०२१ मध्ये गेले. फुप्फुसं थकली होती. कशामुळे, हे कुणी लिहून दिलं नाही. ते बिडीही ओढायचे, त्यामुळे मी कुणाकडे बोट दाखवू शकत नाही आणि दाखवतही नाही. फक्त त्यांचा एक रुमाल माझ्याकडे आहे. चार वर्षांत कितीतरी वेळा धुतला, निळा आहे तो आहेच.

तर प्लंबर गेला त्या रात्री मी सहा कप मांडले. वाण्याकडून तुरटी, पानवाल्याकडून चुना. एक लिटर धुवणाला साधारण पाच ग्रॅम तुरटी आणि तेवढाच चुना, यावर मी येऊन थांबलो. तुमच्या पाण्याला वेगळं लागेल, म्हणून आधी कप. तुरटी विरघळवून टाकायची, जोरात ढवळायचं, मग चुना, मग हळू हळू ढवळत राहायचं. पाच मिनिटांत पाणी नासलेल्या दुधासारखं फुटतं. निळे कण एकमेकांना धरून जड होतात आणि खाली बसायला लागतात. अर्ध्या तासाने वर नितळ पाणी, खाली निळं दही. चौथ्या कपात सगळ्यात छान बसलं. मी तो कप उजेडात धरून किती वेळ बघत होतो कोण जाणे. बायको पाणी प्यायला उठली होती, तिने विचारलं, "अहो, काय झालं?" मी म्हटलं, "फ्लॉक आला." हा अण्णांचा शब्द. ती काही न बोलता शेजारी बसली.

आता घरात एक बादली आहे. सगळं धुवण त्यात. आठवड्यातून एकदा तुरटी-चुना, मग जुन्या सुती धोतराच्या फडक्यातून गाळायचं. फडक्यावरचा गाळ कागदावर वाळवून सुक्या कचऱ्यात. महिन्याचा खर्च एका वडापावपेक्षा कमी.

आता पत्रकार म्हणून एक गोष्ट सांगायलाच हवी. वरचं पाणी नितळ दिसतं, पण ते स्वच्छ झालं असं नाही. तुरटी फक्त तरंगणारे कण खाली बसवते. जे पूर्ण विरघळलेलं असतं, क्षार असोत की काही रसायनं, ते नितळ पाण्यात तसंच राहतं. म्हणून तर कारखान्यात यापुढे आणखी टप्पे असतात, जिवाणूंचे, हवेचे, गाळण्याचे. आणि खाली बसलेला गाळ संपत नाही, तो कुठेतरी न्यावाच लागतो. कारखान्यांच्या अशा घातक कचऱ्याची विल्हेवाट लावायची मोठी जागाही आपल्या तळोज्यातच आहे. म्हणजे रंग जगभर जातो, गाळ इथे राहतो. माझी बादली हे सगळं सोडवत नाही, मला माहीत आहे. पण माझ्या एका बादलीला जे जमतं, ते सव्वादोन कोटी लिटरला जमत नाही असं कुणी सांगितलं, तर आता मला पुढचा प्रश्न विचारता येतो. तुरटी किती घेतली? चुना किती? पावसाळ्यात खरेदी कमी का होते? २००३ मध्ये हे प्रश्न मला विचारता आले असते. अण्णांचं नाव न घेता, नुसत्या बिलांवरून बातमी झाली असती. तेवढी अक्कल डिप्लोमात मिळाली नव्हती आणि घरात बसलेल्या माणसाला मी विचारलं नाही. त्याच्याकडे मला फक्त स्फोटक माहिती दिसली, त्याचं काम दिसलं नाही.

मावळे वेळेत झाले. बत्तीस मावळे, त्यात देवीचे व्रण असलेला एक. पोरांनी कर्नाळ्याचा सुळका विटांचे तुकडे आणि गेटजवळच्या मातीने उभा केला, त्यावर अळीव पेरलं. दरवाजाजवळ मी एक कुत्रं ठेवलं. उरलेल्या मातीतून घरीच केलेलं, दीड इंचाचं, बसलेलं, निळं. चोहोबाजूंनी सारखा फवारा, सावली न ठेवता.

सोसायटीचे सेक्रेटरी बघायला आले. भले गृहस्थ आहेत. मला बाजूला घेऊन म्हणाले, "अहो, आधीच वाघ्यावरून रायगडावर वाद चाललाय, त्यात तुम्ही किल्ल्यावर कुत्रं कशाला? तेही निळं?" मी म्हटलं, "हा वाघ्या नाही, हा एमआयडीसीतला आहे." त्यांना आठवलं. २०१७ मध्ये ते इथे राहायला आले नव्हते, पण फोटो पाहिला होता. थोडा वेळ गप्प राहिले, मग विचारलं, "तो रात्रीचा वास, तो कुठून येतो हो नक्की?" मी म्हटलं, "मला माहीत नाही. पण किती वाजता येतो, हे आपण दोघं मिळून लिहून ठेवू शकतो."

कुत्रं पाच दिवस दरवाजात राहिलं. पोरं येणाऱ्या-जाणाऱ्याला त्याची गोष्ट सांगत होती. थोडी चुकीची सांगत होती, पण सांगत होती.

तर आता आमच्या बिल्डिंगमध्ये एक वही आहे. तारीख, वेळ, वासाचा प्रकार, वारा कुठून होता, आणि ज्याने लिहिलं त्याचा फ्लॅट नंबर. सध्या सात घरं लिहितात. फोनवरची तक्रार हवेत विरते. महिनाभराची वही घेऊन गेलं तर समोरच्याला पोच द्यावी लागते आणि वेळा जुळल्या की प्रश्न नेमका होतो. तळोज्यात, खारघरला, कळंबोलीत राहणाऱ्यांनी आपापल्या बिल्डिंगमध्ये अशी वही सुरू करावी, एवढीच विनंती. नाव, पक्ष, संघटना काही लागत नाही. चाळीस पानी वही आणि पेन. आणि घरात कुणी रंगकाम करत असेल, भिंतीचं, गणपतीचं, पणत्यांचं, तर धुवण बेसिनमध्ये ओतू नका. पानवाला चुना फुकट देतो.

आणि तुमच्या घरात एमआयडीसीतून निवृत्त झालेलं कुणी असेल, तर त्यांना त्यांचं काम विचारा. तक्रार नको, गौप्यस्फोट नको. नुसतं, रोज काय करायचात? किती टाकायचात? किती वेळ ढवळायचात? आमच्याकडे विचारायला आता कुणी नाही.

रात्रीचा सव्वा वाजलाय. पुढच्या वर्षीसाठी एक मावळा हातात आहे, मुंडाशाला निळा पहिला हात झालाय. खिडकी उघडी आहे. वारा खाडीकडून आहे आणि आज वास नाही. वहीत तेही लिहून ठेवतो.